आगगाडी की वाफगाडी?

प्रश्न असा आहे: जुनी गाडी वाफेवर चालायची, मग मराठीत तिला 'आगगाडी' का म्हणतात? 'वाफगाडी' का नाही? यंत्र न कळल्यामुळे लोकांनी चुकीचं नाव ठेवलं का?

अजिबात नाही. माझ्या मते 'आगगाडी' हा फार नेमका शब्द आहे, 'वाफगाडी'पेक्षाही नेमका.

'वाफ' हा शब्द हाताशी नव्हता असंही नाही. 'सबाष्प नयनांनी' म्हणतो त्यातल्या संस्कृत 'बाष्पा'चंच ते प्राकृतातून आलेलं घरगुती रूप. भाताला वाफ आणतात, मोदक वाफवतात, तोंडची वाफ दवडतात. पण ही सगळी वाफ मवाळ. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे आणि सुमारे ४०० माणसं बोरीबंदरहून ठाण्याला ओढून नेली. ती वाफ आणि मोदकपात्रातली वाफ एकच, हे बघणाऱ्याच्या मनात येणार तरी कसं? त्याच्या डोळ्यांत भरली असणार ती भट्टी आणि धूर. शिवाय मुंबईच्या पाण्यात वाफेची जहाजं त्याच्या वीसेक वर्षं आधीच आलेली होती. मुंबईच्याच गोदीत बांधलेलं 'ह्यू लिंडसे' १८३० साली सुएझला गेलं. अशा जहाजाला आपण म्हणतो 'आगबोट': आग आपली, बोट इंग्रजांची. गाडीला नाव देताना हाच साचा कामी आला असावा.

आता यंत्राकडे बघू. वाफ स्वतः काही निर्माण करत नाही. ताकद असते कोळशात. आग ती मोकळी करते, पाणी ती घेतं, आणि वाफ ती सिलिंडरपर्यंत, म्हणजे चाकं फिरवणारा दट्ट्या ज्यात सरकतो त्या नळकांड्यापर्यंत, पोचवते. वाफ म्हणजे हमाल. इंजिन किती ओढणार हे शेवटी भट्टीत किती आणि कशी आग आहे यावर ठरतं. १८२९मध्ये इंग्लंडात रेनहिलला झालेल्या इंजिनांच्या स्पर्धेत स्टीफन्सन पितापुत्रांचं 'रॉकेट' हे इंजिन जिंकलं, त्यामागेही आगीचीच करामत होती. त्यांनी बॉयलरच्या पोटातून एका जाड नळाऐवजी २५ बारीक नळ्या नेल्या, म्हणजे आगीची धग पाण्याला जास्त जागी भिडली. आणि काम झालेली वाफ धुराड्यात सोडली. ती वर जाताना मागे हवा ओढते, भट्टी आणखी फुलते. इंजिनानं जोर लावला की भाता आपोआप जोरात चालतो! लहानपणी आपण तोंडानं 'झुकझुक' करायचो, तो आवाज याच भात्याचा. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार हुंकार.

माझे आजोबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, होते. ते वाफेबद्दल फारसं बोलत नसत, बोलत ते आगीबद्दल. कोळसा एका जागी ढीग करून टाकायचा नाही, फावड्याच्या झटक्यानं पातळ पसरायचा. भट्टीचं दार टाकण्यापुरतंच उघडायचं, नाहीतर गार हवा आत शिरते. आणि मान बाहेर काढून धूर बघायचा: काळाकुट्ट असेल तर कोळसा अर्धवट जळतोय. वाफेच्या दाबाचा काटा त्यानंतर. या माणसाला 'आगगाडी' चूक आहे असं कोण सांगणार?

आणि हे नाव सुचलेले आपण एकटे नाही. गुजरातीत आगगाडी आहेच. चिनी 'हुओछ', थाई 'रोत फाय', मलय 'करेता आपी' या सगळ्यांचा शब्दशः अर्थ आगगाडीच. जपानीनं मात्र वाफेवरून 'किशा' म्हटलं. गंमत म्हणजे किशासाठी जी दोन चिन्हं लिहितात, तीच चिनीत आज मोटारीसाठी वापरतात.

मोटारीचा विषय निघालाच आहे, तर 'शोफर'ही घ्या, कारण तोही याच घरचा. फ्रेंचमध्ये 'शोफे' म्हणजे तापवणं आणि शोफर म्हणजे भट्टी पेटती ठेवणारा, आपला फायरमन! सुरुवातीच्या मोटारी वाफेवरच्याही होत्या. आमेदे बोले यांच्या १८७३च्या बारा आसनी गाडीत पुढे सुकाणू धरणारा एक आणि मागे बॉयलरपाशी आग सांभाळणारा दुसरा. १८९४च्या पॅरिस ते रुआँ स्पर्धेत काउंट द दियाँ यांची वाफेची गाडी सगळ्यांच्या आधी पोचली, तरी पहिलं बक्षीस पेट्रोलच्या गाड्यांना गेलं, कारण वाफेच्या गाडीवर आगवाल्याची गरज होती. पेट्रोल सिलिंडरच्या आतच जळतं, त्याला वेगळी भट्टी नको. आगवाल्याचं काम गेलं, त्याचं नाव मात्र चाकामागे बसलेल्याला चिकटलं.

आपल्याकडेही तसंच झालं. ३ फेब्रुवारी १९२५ला मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. तिच्यात भट्टी नव्हती, तरी आगगाडी हा शब्द टिकला. म्हणून आज विजेच्या गाडीला आगगाडी म्हटलं तर मी चूक मानत नाही. उलट, 'रेल्वे आली' यापेक्षा 'आगगाडी आली' किंवा नुसतं 'गाडी आली' मला जास्त बरोबर वाटतं, कारण 'रेल्वे' या शब्दाचा मूळ अर्थ रूळमार्ग, आणि तो जागचा हलत नाही.