वाचकांचे प्रश्न: वाहता वाहता गोठणारं प्लास्टिक

प्रश्न: आम्ही पॉलिप्रॉपिलीनचं (पीपी) 250 × 80 मि.मी.चं, 2 मि.मी. जाडीचं सपाट झाकण इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेला माल दाबाने साच्यात भरून, काढतो. गेट (माल साच्यात शिरतो ते तोंड) एका टोकाला आहे, 6 मि.मी. रुंद आणि 1 मि.मी. खोल. झाकण दुसऱ्या दिवशी वाकतं. साच्याला 12 अंशांचं चिलरचं पाणी दिलं, होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर मालावर धरून ठेवायचा दाब) वाढवलं, तर जास्तच वाकू लागलं. असं का?

उत्तर: दोन्ही उपायांनी मूळ दुखणंच वाढलं. पीपी स्थिर ठेवून मिनिटाला 10 अंशांनी थंड केलं, तर साधारण 110 ते 120 अंशांना स्फटिक धरतो, आणि ते सगळ्या दिशांनी सारखे वाढणारे गोळे असतात. वाहत्या मालात मात्र रेणूंच्या लांब साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात. त्या सैल व्हायच्या आत माल थंड झाला तर त्याच बीज ठरतात. मधे ताणलेला धागा आणि सळईवर कबाब ओवावेत तशा त्यावर आडव्या स्फटिकपट्ट्या, अशी रचना तयार होते. तिला शिश-कबाबच म्हणतात. ती जास्त तापमानाला आणि कितीतरी लवकर धरते.

तुमच्या मापांवरून हिशेब करून पाहा. सेकंदाला 30 घन सें.मी. माल जात असेल, तर शिअर दर (मालाचे थर एकमेकांवरून किती वेगाने घसरतात तो आकडा) म्हणजे 6 × प्रवाह ÷ (रुंदी × जाडीचा वर्ग). गेटमध्ये तो ढोबळमानाने 30,000 प्रतिसेकंद येतो, पोकळीत (साच्यातली झाकणाच्या आकाराची जागा) 560. गेटचा आकडा मोठा वाटतो, पण खरा घोळ पोकळीच्या भिंतीलगत होतो. तिथे माल घासला जातो आणि त्याच वेळी गोठतोही. पाणी जितकं थंड, तितका हा ताणलेला थर जाड. होल्डिंगमध्ये माल हळूच सरकतो, पण तो निम्मा थंड झालेला असल्याने साखळ्या ताणलेल्याच अडकतात, तेही मुख्यतः गेटजवळ. मग गेटपाशी आकुंचन वेगळं, टोकाला वेगळं, लांबीत आणि रुंदीतही वेगळं. झाकण वाकणारच.

साच्याचा पृष्ठभाग 45–50 अंशांवर आणा आणि दोन्ही बाजूंत 5 अंशांहून जास्त फरक ठेवू नका. चिलरवरचा आकडा इथे कामाचा नाही, प्रोब लावून पृष्ठभागच मोजा. मेल्ट (वितळलेला माल) 230 अंशांपर्यंत न्या आणि इंजेक्शनचा वेग वाढवा. वेगाने शिअर वाढतो हे खरं, पण भरताना गोठणारा थर पातळ राहतो आणि बहुतेक वेळा फायदाच होतो. होल्डिंगचा वेळ एकेक सेकंदाने वाढवत झाकण तोला. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठलं, त्यापुढचा वेळ वाया. मग दाब टप्प्याटप्प्याने कमी करा, खड्डे दिसू लागले की थांबा. एवढ्यानं भागलं नाही तरच गेट 1.3 मि.मी. खोल करा. तिथला शिअर दर 18,000 च्या खाली येईल. मापं प्रत्येक वेळी 24 तासांनी घ्या, कारण पीपीचं स्फटिकीकरण साच्याबाहेरही चालू राहतं.

एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) तोच असूनही नव्या ग्रेडचं झाकण जास्त वाकत असेल, तर तिच्यात अतिलांब साखळ्यांचा वाटा जास्त असू शकतो. कंट्रोल्ड रिऑलॉजी ग्रेड (अतिलांब साखळ्या तोडून कमी केलेली) मागा. आणि फक्त निळंच झाकण वाकत असेल, तर मशीनला हात लावण्याआधी मास्टरबॅच (मालात मिसळायचे रंगाचे दाणे) बघा: थॅलोसायनिन निळा हा रंग स्वतःच स्फटिकबीज म्हणून काम करतो.

प्रश्न: हा थर डोळ्यांनी दिसतो का?

उत्तर: दिसतो. मायक्रोटोमने प्रवाहाच्या दिशेने, जाडीच्या आरपार 10–15 मायक्रॉनचा काप काढा आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, दोन्ही ध्रुवक आडवे-उभे ठेवून बघा. कडेला एकसारखा चमकदार पट्टा, आत दाणेदार गोळे. काप 45 अंशांत फिरवा, म्हणजे पट्टा सर्वात उजळ दिसेल. साचा गरम करण्याआधीचा आणि नंतरचा काप शेजारी ठेवा.

प्रश्न: पेटच्या बाटलीत कधी मोत्यासारखा पांढरेपणा येतो, तोही स्फटिकांचाच का?

उत्तर: नाही. नीट ताणलेल्या पेटमधले स्फटिक इतके बारीक असतात की बाटली पारदर्शकच राहते. मोतिया झाक प्रीफॉर्म (जी ताणून-फुगवून बाटली करतात ती नळी) थंड असताना जास्त ताणल्याने पडते. त्यात सूक्ष्म पोकळ्या होतात, बहुधा आतल्या बाजूला. तिथे उष्णता वाढवा. धुरकट पांढरेपणा असेल तर प्रीफॉर्म जास्त तापून ताणण्याआधीच गोळे धरलेले असतात, म्हणून उष्णता कमी करा.