पहिल्याच मोसमात ११ विजय

प्रश्न : मुलगा ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकतो. फोनवर सारखं अमेरिकन फुटबॉलच्या सिग्नेटी सरांचं कौतुक! एका प्रशिक्षकानं एवढा काय फरक पडतो?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, पडतो. २०२३ मध्ये इंडियानाचा संघ १२ पैकी ९ सामने हरला होता. कर्ट सिग्नेटी आले आणि २०२४ मध्ये सलग १० जिंकले; शेवटी ११ विजय, २ पराभव. एका मोसमात १० विजय या संघाला त्याआधी कधीच मिळाले नव्हते. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच : ते आधी प्रशिक्षक होते त्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले त्यांचे १३ खेळाडू त्यांच्यामागोमाग इंडियानात आले. मुलं अशी उगाच येत नाहीत. ओहायो स्टेटकडून ३८-१५ हरले, तो सामना मी रात्री जागून पाहिला. फार लागलं मनाला.