'परासरण' की 'अभिसरण'?

प्रश्न असा: कर्नाटकातल्या खानापूरकडे मराठी शाळेतला मुलगा 'परासरण' (ऑस्मॉसिस, म्हणजे पाण्याचं पटलातून दाट द्रावणाकडे जाणं) शिकतो, कन्नड शाळेतली शेजारची मुलगी त्याच धड्यात 'अभिसरण' म्हणते. दोन्ही शब्द संस्कृतच, मग बरोबर कुठला? आणि पेशीपटल व पेशीभित्तिका एकच का?

दोघंही आपापल्या भाषेत बरोबर आहेत. घोळ होतो तो एकमेकांच्या वह्या बघताना. मराठीत अभिसरण म्हटलं की रक्ताभिसरण आठवतं, म्हणजे हृदयातून निघून फिरून हृदयात येणं. कन्नडमध्ये त्याला 'रक्तपरिचलने' म्हणतात, त्यामुळे तिथं 'अभिसरण' मोकळा होता. 'मुळांत पाण्याचे अभिसरण होते' असं मराठी उत्तरपत्रिकेत लिहिलं, तर पाणी मुळातच गोल फिरतं असं वाचलं जाईल.

खरं तर व्युत्पत्तीने कानडी शब्दच मला जास्त नेमका वाटतो. 'सृ' म्हणजे सरकणं, 'अभि' म्हणजे -कडे. अभिसारिका प्रियकराकडे निघते, तसं पाणी दाट द्रावणाकडे. 'परा'मधून पलीकडे गेल्याचं कळतं, कुठल्या बाजूला ते नाही. तरी मराठीत 'परासरण'च लिहावं, कारण 'अभिसरणा'ची जागा रक्ताने कधीच अडवली आहे.

'विसरण' (डिफ्यूजन, म्हणजे कणांचं दाटीकडून विरळ जागी पसरणं) मात्र दोन्हीकडे एकच. फक्त मराठीत त्याचं क्रियापद करू नका. 'ऑक्सिजन पेशीत विसरतो' म्हटलं की काय विसरतो, असं कुणीही विचारेल. आपलं 'विसरणे' 'विस्मृ'पासून आलं, हे 'विसरण' 'वि + सृ'पासून. म्हणून 'विसरण होते' असंच लिहावं. ते कुठल्याही कणांचं होतं, पटल असो वा नसो. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो तेही विसरणच. पेशीतलं परासरण म्हणजे पाण्याचं जाणं, आणि त्याला निवडक वाट देणारं पटल लागतंच.

आता पटल. पटल म्हणजे पडदा, पापुद्रा; 'दृष्टिपटला'त तोच शब्द आहे. कन्नडमध्ये याला 'पोरे' म्हणतात. सापाची कात आणि डोळ्यातला मोतीबिंदू यांनाही तोच शब्द. भित्तिका ही 'भित्ति'ची, म्हणजे आपल्या भिंतीची बहीण. पटल प्रत्येक पेशीला असतं. भित्तिका वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जीवाणूंना, पटलाच्या बाहेरून. लाल रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली की फुगून फुटते. बटाट्याची पेशी फुगते, पण भिंत तिला आवरते.

'पटल' शब्दाची एक उणीव आहे: ताणलेलं कापड डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ते 7-8 नॅनोमीटर जाडीचं, मेदाच्या रेणूंचं दुहेरी अस्तर असतं. पाणी मानवणारी डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना, शेपट्या आत. सिंगर आणि निकोलसन या शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये मांडलं की हा थर द्रवासारखा असून प्रथिनं त्यात तरंगतात. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड मेदातूनच आरपार जातात. ग्लुकोजला वाहक प्रथिन लागतं, पाणी बरंचसं ॲक्वापोरिन या पाण्याची वाट असलेल्या प्रथिनामधून जातं. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप मात्र एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) खर्चात 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो, दोन्ही चढाच्या दिशेने, म्हणजे विरळ बाजूकडून दाट बाजूकडे. त्याला विसरण म्हणू नये. ते 'सक्रिय वहन'.

वर्गात दाखवायचं तर एकाच कच्च्या बटाट्याच्या 5 सेंटिमीटर लांब, सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या कापा. एक साध्या पाण्यात, दुसरी 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात. अर्धा-एक तास ठेवा. पहिली ताठ, दुसरी लुळी. उकडलेला बटाटा चालत नाही, कारण पटलं फाटलेली असतात. चिमूटभर मिठानंही भागत नाही: 1 टक्क्याच्या आसपास द्रावण पेशीरसाच्या जवळपास येतं आणि फरक दिसेनासा होतो. वजन करणार असाल तर पट्ट्यांवरचं पाणी आधी टिपकागदाने टिपून घ्या.

अथणीकडचे बेदाणे पाण्यात फुगवून दाखवायची पद्धत सगळीकडे आहे, पण ते उदाहरण तितकं स्वच्छ नाही. वाळताना पेशी मेलेल्या असतात, त्यामुळे त्या फुगण्यात नुसतं शोषणही बरंच असतं.