कॅनडाचं वर्क परमिट: एजंटला पैसे देण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ रबाळे एमआयडीसीत सात वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे धातूचे भाग कापणाऱ्या कॉम्प्युटर-चालित मशीनवर, आहे. वाशीचा एजंट १४ लाख मागतोय, त्यातले ४ आत्ता. आधी व्हिजिटर व्हिसावर पाठवतो, एलएमआयए आणि परमिट तिकडे गेल्यावर होईल असं सांगतोय. आणि घरात आईचे दागिने गहाण ठेवायचं चाललंय. दागिने कपाटातच राहू द्या. मी ऐरोलीचा, याच ट्रेडचा, आणि कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात तीन वर्षं काम करून परत आलोय. म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

एलएमआयए म्हणजे लेबर मार्केट इम्पॅक्ट असेसमेंट. ‘या कामाला इथला माणूस मिळत नाही’ हे तिकडच्या कंपनीने कॅनडाच्या सरकारला पटवून द्यायचं असतं. अर्ज कंपनी करते आणि दर जागेमागे १००० कॅनेडियन डॉलर फीसुद्धा तीच भरते. ही फी कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. तुमच्याकडून एलएमआयएचे पैसे मागणारा तिथेच खोटा ठरतो. मंजुरी आल्यावर कंपनी निर्णयपत्राची प्रत आणि सही केलेला करार पाठवते. ती मंजुरी आता सहाच महिने चालते, तेवढ्यात आपण परमिटचा अर्ज टाकायचा. अर्ज ऑनलाइन असतो. परमिटची फी १५५ डॉलर, बायोमेट्रिकची ८५. त्याशिवाय मेडिकल, पण ते त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. पोलिस क्लिअरन्स लागलं तर मी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून काढलं होतं, ते काही अवघड नाही. हे सगळं धरून हिशेब हजारांत बसतो, लाखांत जात नाही.

व्हिजिटरवर जाऊन परमिट काढायची सवलत कोविडच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये दिली होती. ती २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. एजंट अजून तीच विकतायत. व्हिजिटर व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. अर्जात खोटी माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ती एजंटवर नाही, भावावर येते.

आता खरं अडतं कुठे ते सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. माझा पहिला अर्ज नाकारला गेला. ऑफर खरी होती, एलएमआयए खरा होता. पण अनुभवाच्या पत्रात कंपनीने एकच ओळ लिहिली होती, ‘ऑपरेटर म्हणून काम केले’. वर मी आठ वर्षं त्या शॉपवर उभा असलो तरी त्यातली पाच कॉन्ट्रॅक्टरच्या पे-रोलवर होतो. पीएफ एका नावाने, पत्र दुसऱ्या नावाने. परदेशातल्या अधिकाऱ्याला आपल्या एमआयडीसीची ही पद्धत कशी कळणार? त्याला दोन कागद जुळत नाहीत एवढंच दिसलं. दुसऱ्या वेळी मी कॉन्ट्रॅक्टरकडून वेगळं पत्र घेतलं, कंपनीच्या पत्रात ‘अमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत आमच्याकडे कामाला’ असं स्पष्ट लिहून घेतलं, आणि पीएफ पासबुक आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडलं. कामाचं वर्णनही सविस्तर होतं: ड्रॉइंग वाचणं, टूल ऑफसेट देणं, फानुक कंट्रोलवर (मशीन चालवणारी कॉम्प्युटर यंत्रणा) प्रोग्रॅम एडिट करणं, मायक्रोमीटर-बोअर गेजने तपासणी. तिकडच्या सरकारी व्यवसाय-यादीत मशिनिस्टचा कोड ७२१००. त्यातली कामं वाचा आणि भाऊ खरोखर जी करतो तेवढीच पत्रात येऊ द्या. सुपरवायझर सही करायला टाळाटाळ करतात, महिनाभर मागे लागावं लागतं. लागू द्या.

नोकरी शोधायला कॅनडा सरकारची जॉब बँक आहे, बाहेरच्या उमेदवारांना घेणाऱ्या जागा त्यात वेगळ्या दिसतात. कोणत्या कंपन्यांना एलएमआयए मिळाले त्याची यादी सरकार दर तिमाहीला टाकतं, आणि नियम मोडणाऱ्या मालकांचीही. कंपनीचं नाव दोन्हीकडे बघा. कमी पगाराच्या गटातली जागा असेल तर शहरही तपासा. बेकारी ६ टक्के किंवा जास्त असलेल्या मोठ्या शहरांत बहुतेक अशा जागांचे अर्ज घेतच नाहीत.

परमिटवर एकाच मालकाचं नाव असतं, दुसरीकडे काम करता येत नाही. मालकाने छळलं तर २०१९ पासून वेगळं खुलं परमिट मागता येतं. भावाला हे निघण्याआधीच माहीत हवं.

एजंटला उद्या दोनच गोष्टी विचारा: ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, आणि भावाच्या नावाच्या कराराची प्रत. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. टोलवाटोलवी केली तर मेसेज आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि वाशी पोलिस ठाण्यात अर्ज द्या. भावाचं कॉन्ट्रॅक्टरकडचं पत्र मिळालं की मजकूर मला पाठवा, नावं खोडून. मी बघून देतो.