भोकांतली अक्षरं: परफिन कसं ओळखायचं

पाचव्या जॉर्जच्या टपाल तिकिटावर भोकं दिसली म्हणून ते खराब समजून बाजूला टाकू नका. कारकुनांनी ऑफिसची तिकिटं चोरून विकू नयेत म्हणून बँका, रेल्वे आणि व्यापारी पेढ्या त्यांवर आपली आद्याक्षरं टोचून घेत. अशा तिकिटालाच परफिन म्हणतात. लंडनच्या जोसेफ स्लोपरला ब्रिटिश टपाल खात्याने १८६८ मध्ये याची परवानगी दिली, आणि पुढे ही पद्धत मुंबई-कलकत्त्यापर्यंत आली.

तिकीट काळ्या कागदावर पालथं ठेवा, भोकं लगेच उठून दिसतात. मागून अक्षरं उलटी दिसणार हे लक्षात असू द्या. पण पुढूनही उलटी असली तर दचकू नका. कागद घडी करून किंवा पालथा घालून टोचला की असं होतंच. मग प्रत्येक अक्षरातली भोकं मोजा, उंची मिलिमीटरमध्ये लिहा. एकाच पेढीची दोन यंत्रं असली तर फरक इथेच सापडतो. शिक्क्यावरचं गावही टिपून ठेवा.

पेढी कोणती, हे नुसत्या अक्षरांवरून छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यावर माझा तरी विश्वास नाही. खरा पुरावा म्हणजे पेढीचं नाव छापलेलं पाकीट. त्यामुळे पाकिटावरचं परफिन भिजवून सोडवू नका, किंमत तिथेच आहे. सुटी, नेहमीची तिकिटं बहुतेक स्वस्तच असतात. कॅटलॉगमधला भाव बिनभोकाच्या तिकिटाचा असतो. महाग तिकिटावर भोकांच्या जागी कागद भरून ते अखंड म्हणून विकणारेही भेटतील, तेव्हा उजेडासमोर धरून बघा.