‘पास आउट’ होणे म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील कंपनीकडे पाठवायच्या अर्जात ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असे लिहिले तर ते चूक ठरेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. या वाक्याचा अर्थ ‘मी २०१९ मध्ये बेशुद्ध पडलो’ असा होतो, असे सांगून मित्रांनी त्यांची थट्टा केली होती.

मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे. अमेरिकेत ‘पास आउट’ म्हटले की शुद्ध हरपणे हाच अर्थ आधी मनात येतो, आणि ब्रिटनमधील रोजच्या बोलण्यातही तोच रूढ आहे. ‘फेंट’ हे क्रियापद याच्या अगदी जवळचे असले, तरी अति मद्यपानाने जागीच आडवा झालेल्या माणसाविषयी बोलताना ‘पास आउट’च अधिक ऐकू येते. दिवसभर राबून घरी आलेला माणूस सोफ्यावर पडताक्षणी गाढ झोपी गेला, तर त्याच्याबद्दलही तसे गमतीने म्हणतात.

मात्र ‘शिक्षण पूर्ण करणे’ हा आपला अर्थ ही काही भारतीयांनी केलेली चूक नव्हे. ब्रिटिश सैन्यात प्रशिक्षण पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडण्याला ‘पास आउट’ म्हणत आले आहेत, आणि आपल्याकडच्या लष्करी संस्थांनीही तो शब्द कायम ठेवला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा ‘पासिंग आउट परेड’ होते आणि छात्र ‘अंतिम पग’ ओलांडून बाहेर पडतात. ३० मे २०२५ रोजी १४८व्या तुकडीबरोबर तेथून पहिल्या १७ महिला छात्र बाहेर पडल्या, तेव्हा त्या ‘पास आउट’ झाल्या असेच सर्वत्र छापून आले आणि त्यात कोणाला भोवळ दिसली नाही. यातील ‘पास’चा संबंध चालत पुढे जाण्याशी आहे. मराठीत मात्र ‘पास’ म्हणजे उत्तीर्ण हे इतके पक्के बसले आहे की ‘पास आउट’ म्हणजे शेवटची परीक्षा पास होणे, असेच बहुतेकांना वाटते. ‘शिक्षण संपवून बाहेर पडलो’ हे आपले साधे वाक्य मूळ इंग्रजी प्रयोगाच्या अधिक जवळ आहे.

त्याही पुढे जाऊन आपण त्याचे नाम केले. ‘ती सीओईपीची पासआउट आहे’, ‘२०२४चे पासआउट अर्ज करू शकतात’ ही रूपे खास भारतीय आहेत. येथील वाचकासाठी ती बिनचूक समजावीत, असे माझे मत आहे. त्यांना अशुद्ध ठरवणाऱ्यांनी भाषेपेक्षा अमेरिकी मालिकांवर जास्त भिस्त ठेवलेली दिसते. परदेशी पाठवायच्या अर्जात मात्र पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड इन २०१९’ आणि पदविकेसाठी ‘कम्प्लीटेड’ लिहावे, कारण अर्ज चाळणाऱ्याला क्षणभरही अडखळायला लावणे आपल्या फायद्याचे नसते.

याच क्रियापदाचा तिसरा अर्थ वाटप करणे असा आहे. शिक्षक प्रश्नपत्रिका ‘पास आउट’ करतात तेव्हा क्रियापदाला कर्म लागते, आणि ते कर्म सर्वनाम असेल तर मधेच बसते: ‘पास देम आउट’ बरोबर, ‘पास आउट देम’ चूक. बेशुद्ध पडणे आणि शिक्षण पूर्ण करणे या दोन्ही अर्थी असे कर्म येत नाही, त्यामुळे वाक्यात कर्म दिसले की हा वाटपाचा अर्थ सहज ओळखता येतो.