मॉरिशसची मेट्रो आणि आईचे गुडघे

प्रश्न : आईला घेऊन मॉरिशसला निघालेय. तिला जिने चढवत नाहीत. तिथली मेट्रो झेपेल का?

उत्तर : झेपेल, ताई, खुशाल न्या. ती हलकी रेल्वे आहे, ट्रामसारखी. डब्याचा तळ फलाटाच्या पातळीत, मध्ये पायरी नाही आणि बहुतेक स्थानकं जमिनीवरच. पोर्ट लुई ते रोझ हिल हा टप्पा २०१९मध्ये सुरू झाला, २०२२मध्ये गाडी क्युरपीपला पोहोचली. बांधणी आपल्या लार्सन अँड टुब्रोची. १९५६मध्ये तिथल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या होत्या. त्या जुन्या रेल्वेचीच वाट बरीचशी पुन्हा वापरली, म्हणून स्थानकं भर वस्तीत आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं. म्हाताऱ्या माणसांना स्थानक जवळ हवं. मात्र संध्याकाळची गर्दी टाळा. विमानतळापर्यंत ही गाडी जात नाही, तिथून टॅक्सीच करा.